बिनसाखरेचं भाषांतर

दुबईच्या करामा भागात छाया वर्तकचं लेडीज सलून शोधायचं तर पाटी वाचण्यापेक्षा बाहेर ताटकळणारे नवरे बघावेत. आत पुरुषांना मज्जाव, म्हणून ते बिचारे शेजारच्या ज्यूसवाल्याच्या सावलीत मोबाइल चाळत उभे. खुद्द छायाचा नवरा शैलेंद्रही त्यांच्यातलाच. तो रुवैसच्या रिफायनरीत. आठवडाभर मुक्काम तिकडेच. शुक्रवारी वाळवंटातला लांबलचक रस्ता कापून बायकोला घ्यायला यावं, तर बायको दाराच्या फटीतून "फक्त पाच मिनिटं हं!" म्हणून गायब. तेवढ्यात त्याचा ज्यूस संपून दुसऱ्याची ऑर्डर जायची.

छाया मूळची रेवदंड्याची. लग्न होऊन दुबईला आली, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये संसार थाटला. लेक अवनी शाळेत जायला लागली तसा दिवस खायला उठला, तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांच्या भुवया कोरण्यापासून तिनं सुरुवात केली. हात हलका आणि जीभ गोड, त्यामुळे गिऱ्हाईक वाढत गेलं. पुढे करामातल्या एका सलूनमध्ये नोकरी धरली, आणि तिथे तिला हनान भेटली.

हनान पॅलेस्टिनी. उंच, खणखणीत आवाजाची, केसांच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारी. जन्म कुवेतचा, बालपण शारजाचं, पासपोर्ट जॉर्डनचा. पण "तू कुठली?" असं विचारलं की उत्तर यांतलं एकही नाही. "अना मिन इल-लिद्द," ती सांगायची. मी लिद्दची. ते गाव तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिचा बाप, इस्रायल झालं त्या अठ्ठेचाळीसच्या युद्धात, आईचं बोट धरून, भर उन्हाळ्यात, तिथून चालत बाहेर पडला होता. तो परत गेलाच नाही. जाऊच दिलं नाही कुणी. पण मरेपर्यंत त्यानं स्वतःची ओळख हीच सांगितली, आणि ती वारशासारखी लेकीकडे आली.

सलूनच्या मालकिणीनं गाशा गुंडाळला तेव्हा दोघींनी मिळून ते चालवायला घेतलं. हनानला 'छ' म्हणता येत नसे, तिच्या तोंडी छायाची शाया झाली. दोघींची भाषा म्हणजे हिंदी, इंग्लिश आणि अरबीची मिसळ. बाहेरच्याला कळू नये आणि दोघींना अडू नये अशी. छायानं हळूहळू कामापुरती अरबी उचलली आणि ती दुकानाची दुभाषी झाली. पण दुभाषी म्हणजे कशी? हनान अरबीत म्हणायची, "या बाईच्या केसांत जीव उरलेला नाही, कापून टाक, खलास." छाया गिऱ्हाइकाला सांगायची, "ती म्हणतेय, थोडे शॉर्ट केले तर चेहरा काय खुलेल तुमचा!" गिऱ्हाईक म्हणायचं, "या बाईला जरा हळू ओढायला सांगा, जीव घेतेय." छाया हनानला सांगायची, "तुझा हात तिला फार आवडला."

"ममा, that's not what she said," अवनी एकदा सोफ्यावरून म्हणाली होती.

"अगं, अर्थ तोच," छाया म्हणाली. "मी फक्त साखर घातली."

इस्रायलशी करार होऊन तिकडची विमानं दुबईत उतरायला लागली, तेव्हा हनान कात्री खाली ठेवून एवढंच बोलली होती, "येऊ देत. दुबई मोठी आहे. पण ही खुर्ची माझी आहे." छायानं ते ऐकलं आणि विषय बदलला. तसा प्रसंग येईल असं तिला वाटलंच नाही.

आणि मग एका डिसेंबरात फोन आला. नंबर परदेशी, आवाज म्हातारा, भाषा मात्र अशी मराठी की छाया उभीच राहिली.

"छाया वर्तक ना गो? माझ्या नातीच्या लग्नात वेणीफणी करशील का? अंबाडा हवा, गजरा हवा, हिरवा चुडा हवा. इथे कुणाला काय कळत नाय."

"करीन की! आपण कुठल्या?"

"मी मिलका वाक्रूळकर. आमचा कुलाबा जिल्हा. आता लोदला असतो, इस्रायलात."

कुलाबा जिल्ह्याचा रायगड होऊन जमाना झाला होता, पण मिलकाबाई बारा-तेराव्या वर्षी निघाल्या तेव्हा तो कुलाबाच होता, आणि त्यांच्या तोंडात तो तसाच राहिला होता. छायाला सगळं लख्ख कळलं. रेवदंड्याला त्यांना शनिवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी बैल न जुंपणारे, मराठी बोलणारे ज्यू. मुलगा ठाण्याचा, मुलगी लोदची, दोन्हीकडच्यांना मधलं पडतं म्हणून लग्न दुबईत. मरीनामधल्या हॉटेलात मेंदी.

माहेरच्या बाजूचं माणूस म्हटल्यावर छायाच्यानं 'नाही' म्हणवेना. हनानला तिनं सांगितलं, "माझ्या गावाकडच्या आहेत. मुंबईच्या बाजूच्या."

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

ट्रायलच्या दिवशी मिलकाबाई काठी टेकत आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, गुडघ्यानं अधू, नाकात चमकी. बरोबर नवरी मुलगी, जीन्समधली, दाट कुरळ्या केसांची.

"हिचं नाव शिरा," मिलकाबाई म्हणाल्या. "हिब्रूत शिरा म्हणजे गाणं. मी म्हटलं, ठेवा, मराठीत निदान खाता तरी येईल!"

छाया खो-खो हसली. हनानला काही कळलं नाही, पण म्हातारी तिला बघताक्षणी आवडली. तिनं खुर्ची ओढून दिली, गुडघ्याखाली उशी सरकवली, पुदिना घातलेला चहा करून आणला. शिराच्या केसांत बोटं घालून म्हणाली, "माशाल्ला! शाया, हे केस बघ. असे केस आमच्याकडे असतात."

छायाचं लक्ष मात्र शिराच्या तोंडाकडे होतं. शिरा आजीशी अधूनमधून हिब्रूत बोलायची. तिनं तोंड उघडलं की छाया ड्रायर चालू करायची. शिरानं इंग्लिशमध्ये "Back home in..." म्हटलं की पुन्हा ड्रायर. शेवटी हनान वैतागली. "शाया, केस ओले नाहीत, तू काय वाळवतेस?"

"ऑलिव्ह ऑइल लावून ठेवते रात्रभरासाठी," हनान म्हणाली. मिलकाबाईंना तेलाचा वास आला आणि त्या ताठ बसल्या. "हे सॅलडात घालायचं तेल. केसांना खोबरेल लाव म्हणावं." छायानं ते गोड करून सांगितलं, तरी हनानला रोख कळलाच. तिनं बाटली म्हातारीच्या नाकापाशी धरली. म्हातारीनं तोंड फिरवलं. दोघी एकमेकींची भाषा न जाणता कडाकडा भांडल्या आणि दोघींना ते भांडण मनापासून आवडलं.

म्हणून मिलकाबाईंनी कौतुकानं विचारलं, "बरी आहे गो ही. कुठची?"

"जॉर्डनची," छाया घाईनं म्हणाली.

जॉर्डन हा शब्द हनानच्या कानावर पडला. "ला, ला," ती मान हलवत म्हणाली, आणि नेहमीचं उत्तर दिलं. "अना मिन इल-लिद्द."

मिलकाबाईंचा चेहरा उजळला. लोदच्या बाजारात अरब भाजीवाल्यांशी घासाघीस करण्यात त्यांची साठ वर्षं गेली होती. लोदलाच ते लोक लिद्द म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. परमुलखात शेजारगल्लीतलं माणूस भेटावं तशा त्या हरखल्या. छातीवर हात ठेवून, बाजारात शिकलेल्या अरबीत, त्या म्हणाल्या, "अना! अना मिन इल-लिद्द!"

छाया ड्रायरकडे धावली, पण वेळ गेली होती.

हनानचा हात शिराच्या केसांत तसाच राहिला. तिनं म्हातारीकडे पाहिलं, मग नातीकडे, मग छायाकडे. बापाच्या तोंडून आयुष्यभर ऐकलेलं वाक्य तिनं पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं होतं. अर्धवट राहिलेला अंबाडा तिनं पुरा केला, एकेक पिन नीट खोचली, आरसा मागे धरून शिराला दाखवला आणि आतल्या खोलीत निघून गेली. पाहुण्या गेल्यावरच बाहेर आली.

"हनान, सॉरी," छाया म्हणाली. "मला वाटलं, तुला त्रास होईल."

"मला त्रास होईल की नाही हे तू ठरवलंस?" हनानचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, त्यामुळेच छायाला जास्त भीती वाटली. "ती बाई माझ्यापासून काहीच लपवत नव्हती. लपवलंस तू. पहिल्यापासून सगळ्यांनी हेच केलं आमचं, शाया. आम्हाला न विचारता आमचं ठरवलं. तू तरी विचारायचं होतंस. मी 'नाही' म्हटलं असतं, कदाचित 'हो' म्हटलं असतं. पण मी म्हटलं असतं."

छायाकडे गोड उत्तरं पुष्कळ होती. पण ती खाली वाकून सांडलेल्या पिना वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलून उघडतंय तोच टॅक्सीतून मिलकाबाई उतरल्या, एकट्याच. हातात झाकलेलं ताट. घरात शुभकार्य असलं की या लोकांत मलिदा करतात. गोड पोहे, वर खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. "देवाचा आहे," त्या म्हणाल्या. "काल तिचं तोंड उतरलं ते मी पाहिलं. रात्रभर डोळा लागला नाय. मला तिच्याशी बोलायचंय."

हनान हात बांधून उभी होती. तिनं ताटाकडे पाहिलं नाही. छायाला म्हणाली, "बसू दे तिला. पण तू भाषांतर करशील ते जसंच्या तसं. एक दाणा साखर घातलीस तर मला कळेल."

छाया दोघींच्या मध्ये स्टुलावर बसली.

"विचार तिला," हनान म्हणाली, "तिथे गेल्यावर त्यांना राहायला घर कुठलं दिलं?"

"जुन्या गावात," मिलकाबाई म्हणाल्या. "दगडी, कमानीचं. चार कुटुंबांत वाटलेलं. आम्हाला एक खोली."

"कुणाचं होतं ते, माहीत होतं?"

मिलकाबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, अरबांचं म्हणून. विचारत कुणी नव्हतं. मीही नाय विचारलं. पुढे ते पाडलं, तिथे ब्लॉक झाले."

छायानं सांगितलं.

"माझ्या बापानं तुझं दार वाजवलं असतं, तर काय केलं असतंस?"

मिलकाबाई म्हणाल्या, "चहा दिला असता. घर दिलं नसतं. खोटं कशाला बोलू? मला तरी दुसरं कुठे होतं?"

'घर दिलं नसतं' हे शब्द जिभेवर निखाऱ्यासारखे बसले. आजवर असल्या जागी तिनं काय काय घातलं असतं! हनान तिच्याकडे रोखून बघत होती. छायानं डोळे मिटले आणि जसंच्या तसं सांगून टाकलं.

हनान हसली. चिडून नव्हे, कोंडलेला श्वास सुटावा तशी. "सांग तिला, माझ्या बापानं चहा घेतला नसता."

मिलकाबाईंनी ऐकलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. मीही घेतला नसता."

त्यानंतर बोलणं सुटं झालं. मिलकाबाईंनी सांगितलं, बाप म्हणाला होता, आपल्या देशात चाललोय. आणि तिथे पोचल्यावर धर्मगुरू विचारायला लागले, तुम्ही खरे ज्यू कशावरून? थोरल्या बहिणीचं लग्नच लावून देईनात, पणजीचे पुरावे मागत होते. त्याच बहिणीचा मुलगा पुढे बसमधल्या स्फोटात गेला. कामावर चालला होता. हनान ते ऐकताना खाली बघत होती. "अल्ला यरहमो," ती हळूच म्हणाली. देव त्याला शांती देवो. तेवढं मिलकाबाईंना भाषांतराशिवाय कळलं.

रेवदंड्याच्या आळीत एका शनिवार तेल्याचं घर होतं, ते छायाच्या काकांनी घेतलं, असं छाया बोलता बोलता सांगून गेली.

"विकत?" हनाननं विचारलं. "पैसे देऊन? त्यांनी आपल्या हातानं सही करून?"

"हो."

"मग ते वेगळं," हनान म्हणाली, आणि छायानं तेही मिलकाबाईंना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

"तिथलं चर्च आणि मशीद अजून आहेत का?" हनाननं विचारलं. "बाबा सांगायचे, दोघांत एकच भिंत."

"आहेत की! भिंत तीच. घंटा वाजते, बांग होते, आणि मधल्या गल्लीत माझा भाजीवाला बसतो, तो दोन्हीच्या वरताण ओरडतो. तुझे आजोबा काय करायचे गो तिथे?"

"ऑलिव्हचा घाणा होता त्यांचा. तेलाचा."

छायानं 'घाणा' हा शब्द उच्चारताच मिलकाबाई काठीसकट उठल्या. "तेली? अगो, मग काल सांगायचं नाय! आम्हीही तेलीच!"

आता हनानला त्या सॅलडच्या तेलाचा आणि खोबरेलाचा सारा मामला नव्यानं उलगडला. धंद्यातल्या दोन घराण्यांनी एकमेकांच्या मालाला नावं ठेवावीत, यात नवल ते काय! ती इतकी हसली की डोळ्यांतलं काजळ पसरलं. मग तिनं ताटाचं झाकण काढलं, चमचाभर मलिदा खाल्ला आणि छायाला बजावलं, "सांग तिला, साखर जास्त झालीय." छायानं जसंच्या तसं सांगितलं. तिची हिंमत आता वाढली होती.

नवरीचे केस कोण करणार, हा प्रश्न उरला होता. हनाननं तो स्वतः निकालात काढला. "मी हॉटेलात येणार नाही. फोटोत उभी राहणार नाही. मी काही माफ केलेलं नाही, मला माफी कुणी मागितलेलीही नाही. पण ट्रायल मी घेतलीय, तो अंबाडा दुसऱ्या कुणाला मी बिघडवू देणार नाही. यल्ला, मुलीला मेंदीच्या दिवशी सकाळी इथे पाठव."

शिरा सकाळी आली. अंबाडा असा बसला की मरीनाच्या काठच्या वाऱ्यातही एक बट हलली नाही, असं मेंदीला गेलेल्या छायानं दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगितलं. मिलकाबाई त्या रात्री अधू गुडघ्यानं नाचल्या आणि "तेलिणीला सलाम सांग" असा निरोप देऊन गेल्या.

वर्ष सरत आलं आणि ते भयंकर ऑक्टोबर-नोव्हेंबर आले. आधी मिलकाबाईंकडची बातमी. त्यांच्या शेजारणीचा भाचा हमासच्या त्या हल्ल्यात मारला गेला होता, आणि सायरन झाला की त्यांना गुडघ्यामुळे जिना उतरवत नव्हता. मग गाझाच्या बातम्या, दिवसामागून दिवस. हनानची आतेबहीण तिथेच होती. हनान शारजातल्या आपल्या घरी टीव्हीपुढे बसली ती कामावर आलीच नाही. छायानं सलून एकटीनं ओढलं. शुक्रवारी शैलेंद्रला घेऊन ती डबा द्यायला जायची. आत जाऊन हनानशेजारी टीव्हीपुढे बसायची आणि परत यायची.

मिलकाबाईंचा फोन आला. "तिची माणसं कशी आहेत?"

"घर गेलं, मावशी. नवरा गेला बहिणीचा. ती आणि मुलगी तंबूत आहेत." छायानं काही झाकलं नाही.

पलीकडे म्हातारी रडली. छायानं तेही हनानला सांगितलं. हनान म्हणाली, "ऐकलं म्हणून सांग. आज माझ्याकडे उत्तर नाही." छायानं तसंच कळवलं. कित्येक महिने दोन्हीकडून काही नव्हतं. मग एका दुपारी, कुणाच्या तरी केसांना रंग लावता लावता, हनाननं सहज विचारलं, "त्या म्हातारीच्या गुडघ्याचं काय झालं?" ऑपरेशन झालं होतं. छायानं लगेच फोन लावला.

यंदा ईदच्या आदल्या दिवशी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मेंदीची रांग दाराबाहेर गेलेली. हनानची आतेबहीण लेकीच्या हातावर उपचार करायला अबू धाबीत आली होती, ती लेकीला घेऊन आली. मुलगी नऊ-दहा वर्षांची, डाव्या हाताला बँडेज, डोळे मात्र आरशात सगळीकडे भिरभिरणारे. छायानं तिचा उजवा हात मांडीवर घेतला.

"तू कुठली?" मुलीनं विचारलं.

"रेवदंड्याची."

"ते कुठे आहे?"

"समुद्राकाठी."

"आमचंही समुद्राकाठीच. तू परत जाणार?"

"मे महिन्यात. तिकीट काढलंय."

मुलीनं जरा विचार केला. "मग मीपण मेमध्येच जाईन."

गोड काही बोलायचं तिनं टाळलं. "मे महिन्यात नाही जमणार, बेटा," ती म्हणाली. "तुझा हात बरा व्हायला वेळ आहे."

"मग त्याच्यानंतर," मुलगी जराही न डगमगता म्हणाली.

"इन्शाल्ला," मागून हनान ओरडली. "आणि शाया, तिला मोर काढून दे, मोठा! बाकीच्या थांबतील."

बाकीच्यांनी गिल्ला केला, पण छायानं मोराचा पिसारा पार कोपरापर्यंत नेला.